मार्कोवा : पोलंडमधील एका खेड्याचा भूगोल आणि इतिहास

पोलंडच्या आग्नेय भागात, युक्रेनच्या सीमेपासून फारसे दूर नसलेल्या प्रदेशात, मार्कोवा नावाचे एक शेतकऱ्यांचे खेडे आहे. आजची लोकसंख्या सुमारे चार हजार. १० सप्टेंबर २०२३ रोजी या खेड्यातील उल्मा कुटुंबाला, म्हणजे आईवडील व त्यांची सात मुले अशा नऊ जणांना, ख्रिस्तसभेने एकाच वेळी धन्य घोषित केले आणि त्या दिवसापासून गावाचे नाव जगभरच्या कॅथलिकांच्या तोंडी आले. मात्र या गावाविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक सारे १९४४ सालच्या एका पहाटेपुरते असते. त्या पहाटेपूर्वी या गावाने जवळजवळ सहा शतके पाहिली होती, आणि ती पहाट समजून घ्यावयाची असेल तर गावाची जमीन, तेथील माणसे कोठून आली व ती कशी जगत होती, हे आधी पाहणे आवश्यक ठरते. म्हणून येथे भूगोलापासून आरंभ करीत आहोत.

स्थान आणि भूमी

मार्कोवा हे पोलंडच्या पोडकार्पाट्स्की, म्हणजे कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या प्रांतात येते. प्रांताची राजधानी झेशूव हे शहर मार्कोवाच्या पश्चिमेस आहे, तर तालुक्याचे ठिकाण असलेले वाइन्त्सुत हे नगर गावाच्या वायव्येस अवघ्या आठ-नऊ किलोमीटरांवर आहे. या नगराचे नाव रोमन लिपीत पाहणारा आपला वाचक त्याचा उच्चार 'लांकुत' असा करील. परंतु पोलिश भाषेत आडवी रेघ मारलेल्या 'ल'चा उच्चार 'व' असा होतो. वाइन्त्सुत येथील सरदारांचा भव्य वाडा पोलंडभर प्रसिद्ध आहे आणि मार्कोवाच्या इतिहासात त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. मार्कोवा स्वतः एका छोट्या ग्रामसमूहाचे मुख्य गाव आहे. त्यात मार्कोवासह हुसूव व तार्नावका अशी तीन गावे मोडतात.

गावाच्या दक्षिणेस टेकड्या सुरू होतात, त्या पुढे चढत चढत कार्पेथियन पर्वतरांगेला मिळतात. उत्तरेस विस्वोक नदीचे सपाट खोरे आहे. ही विस्वोक पुढे सान नदीला व सान पोलंडच्या महानदीला, व्हिस्तुलेला, मिळते. टेकड्या आणि खोरे यांच्या मधल्या उतारावर मार्कोवा वसले आहे. गावातून मार्कुव्का नावाचा ओढा वाहतो आणि गावाची सारी रचना या ओढ्याने ठरविली आहे.

येथील मातीला लोएस म्हणतात. हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक धुळीचे थर साचून ती तयार झाली. रंगाने पिवळसर, हाताला पिठासारखी मऊ, नांगराला सोपी आणि गहू, बार्ली, बीट, बटाटा यांसाठी उत्तम. दोष एवढाच की पावसाने ती झपाट्याने वाहून जाते, उतारांवर खोल घळी पडतात. पोलंडच्या या भागात दारिद्र्य पुष्कळ होते, परंतु त्याचे कारण माती नव्हती. एकेका कुटुंबाच्या वाट्याला आलेल्या जमिनीचा लहान तुकडा हे खरे कारण होते. त्याचा विचार पुढे येईलच.

आपल्याकडच्या गावठाणासारखी दाट घरवस्ती मार्कोवात नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांनी घरे एकापुढे एक, साखळीच्या कड्यांसारखी, कित्येक किलोमीटर पसरलेली आहेत. प्रत्येक घरामागून जमिनीची एक लांबट पट्टी उताराने वर चढत जाते व पूर्वी ती रानाच्या कडेला जाऊन थांबत असे. अशा रचनेमुळे प्रत्येक शेतकरी आपल्याच जमिनीवर राहतो, घरातून निघाला की शेतात असतो आणि शेजारी हाकेच्या अंतरावर असला तरी भिंतीला भिंत लागून नसतो. गावाच्या कडेला राहणाऱ्या घरी कोण येते, कोण जाते, हे दुरून चटकन कळत नाही, आणि अगदीच कळत नाही असेही नाही. हे लक्षात ठेवावे.

वसाहत कोणी केली?

चौदाव्या शतकाच्या मध्यास पोलंडचा राजा कासिमीर, ज्याला पोलिश लोक 'महान' म्हणतात, त्याने पूर्वेकडील हा प्रदेश आपल्या राज्यास जोडला. सीमेवरचा प्रदेश विरळ वस्तीचा व रानांनी भरलेला होता. वाइन्त्सुतच्या भोवतालची जहागीर पिल्चा येथील सरदार ओट्टो याच्याकडे आली. रान तोडून शेती करणारी माणसे हवी होती. ती जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतून आणण्यात आली. मार्कोवा हे अशाच जर्मन वसाहतकारांचे गाव. जुन्या कागदपत्रांत ते मार्केनहोफ या जर्मन वळणाच्या नावाने येते.

वसाहतीची पद्धत ठरलेली असे. गाव बसविणाऱ्या प्रमुखास जहागीरदार सनद देई. हा प्रमुख माणसे जमवी, ओढ्याकाठी मोजणी करून प्रत्येकास एक पट्टी देई. पूर्ण पट्टी सुमारे चोवीस-पंचवीस हेक्टरांची असे. रान साफ करावयाचे असल्याने प्रारंभीची काही वर्षे साऱ्यात सूट मिळे. गावाचा कारभार जर्मन कायद्याने चाले. प्रमुखाला पोलिश भाषेत 'सोल्तिस' म्हणू लागले. हा शब्दच मुळी जर्मन आहे. आजही पोलिश खेड्याच्या निवडून आलेल्या मुखियास सोल्तिस असेच म्हणतात. १९४४ साली मार्कोवाच्या सोल्तिसला जे काम करावे लागले त्याकडे आपण येणारच आहोत.

ओट्टो यांची कन्या व वारस एल्झबिएता हिचे नाव पोलंडच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने आले आहे. अनेकदा विधवा झालेल्या या स्त्रीशी राजा व्लादिस्लाव यागेल्लो याने १४१७ साली विवाह केला आणि दरबाराच्या उघड नाराजीला न जुमानता तिला राणी केले. म्हणजे मार्कोवाच्या शेतकऱ्यांची मालकीण काही काळ साऱ्या पोलंडची राणी होती. १४२० साली ती निवर्तली.

या जर्मन वसाहतकारांच्या वंशजांना पोलिश भाषेत 'ग्वुखोनिएम्त्सी' असे नाव पडले. पोलिश लोक जर्मनाला 'निएमिएत्स' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी मुका असा अर्थ आहे. आपली भाषा ज्याला येत नाही तो मुका! त्याला 'ग्वुखो', म्हणजे बहिरा, हे पद जोडले की जो शब्द तयार होतो तो मूकबधिर माणसाच्या शब्दाशी जुळतो. शेजाऱ्यांनी केलेली ही थट्टाच म्हणावयाची. पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, विवाहसंबंध झाले, चर्चमध्ये पोलिश प्रवचने ऐकली गेली आणि हे लोक पूर्णपणे पोलिश झाले. गावातील अनेक आडनावांत, घरे बांधण्याच्या पद्धतीत आणि बोलीतील काही शब्दांत तेवढी जर्मन खूण उरली. विसाव्या शतकात जर्मन सैन्य जेव्हा या प्रदेशात शिरले तेव्हा मार्कोवाच्या लोकांना आपण जर्मनांचे कोणी लागतो असे मुळीच वाटले नाही. वंशाच्या आधारावर माणसांची प्रतवारी लावणाऱ्यांना या गावाचा इतिहास कोणी वाचून दाखवावयास हवा होता.

गावचे चर्च संत डोरोथी हिच्या नावाने आहे. आरंभीच्या शतकांतील ही रक्तसाक्षी कुमारिका चित्रांत गुलाब व सफरचंदांची परडी हाती घेतलेली दाखवितात आणि माळ्यांची ती आश्रयदात्री मानली जाते. फळबागांच्या या गावास शोभेशीच ही पालक संत आहे.

जहागिरी, आक्रमणे, ऑस्ट्रियन सत्ता

पुढील शतकांची हकीकत येथे थोडक्यात सांगतो, कारण ती त्या प्रदेशातील शेकडो खेड्यांची हकीकत आहे. तार्तर टोळ्यांच्या स्वाऱ्या होत. घरे जळत, माणसे गुलाम म्हणून नेली जात. १६२४ सालची स्वारी या परिसराला विशेष भोवली. वाइन्त्सुतची जहागीर १६२९ साली लुबोमिर्स्की या बलाढ्य घराण्याकडे व एकोणिसाव्या शतकात पोतोत्स्की घराण्याकडे गेली. शेतकरी मात्र वेठीलाच बांधलेला राहिला. आठवड्यातील ठराविक दिवस त्याने सरदाराच्या शेतात फुकट राबावयाचे, असा तो नियम होता.

१७७२ साली शेजारच्या तीन सत्तांनी पोलंडचे लचके तोडण्यास प्रारंभ केला तेव्हा मार्कोवा ऑस्ट्रियाच्या वाट्यास आले आणि १९१८ पर्यंत ते गॅलिशिया या ऑस्ट्रियन प्रांतात राहिले. १८४८ साली तेथील वेठ संपली. शेतकरी जमिनीचा धनी झाला, परंतु प्रत्येक पिढीत जमीन मुलांमध्ये वाटली जाऊ लागली. ज्या पट्टीवर एक कुटुंब सुखाने जगे तिची आठ-दहा शकले झाली. शतकाच्या अखेरीस गॅलिशियाची गरिबी ही म्हणीसारखी झाली होती आणि तेथून हजारो लोक अमेरिकेस गेले. रशियाच्या ताब्यातील पोलंडच्या मानाने ऑस्ट्रियन राजवटीत एक मोठी सोय होती: शाळा पोलिश भाषेत चालत, सभा-संस्था स्थापता येत. पतपेढ्या, शेतकी मंडळे, वाचनालये, नाटकमंडळ्या यांचे बीज येथेच पडले.

स्वतंत्र पोलंडमधील मार्कोवा

दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत मार्कोवाने जे करून दाखविले ते त्या काळच्या पोलिश खेड्यांत क्वचितच आढळते. तेव्हा गावाची लोकसंख्या सुमारे साडेचार हजार होती. पोलंडमध्ये एवढी मोठी खेडी थोडीच होती. जमीन तोकडी, म्हणून लोकांनी एकत्र येऊन मार्ग काढला. दुधाच्या व खरेदी-विक्रीच्या सहकारी संस्था निघाल्या. १९३५-३६ च्या सुमारास गावकऱ्यांनी भागभांडवल जमवून आरोग्य सहकारी संस्था स्थापन केली व स्वतःचा डॉक्टर नेमला. ग्रामीण भागातील अशी ती पोलंडमधील पहिली संस्था. डॉक्टरकडे जावयाचे म्हणजे घोडागाडी जोडून तालुक्यास जावयाचे आणि फी ऐकून परत फिरावयाचे, असा तो काळ होता.

शेजारच्या गाच या गावी १९३२ साली इग्नात्सी सोलाश या शिक्षणतज्ज्ञाने लोकविद्यापीठ आणले. शेतकऱ्यांची तरुण मुले-मुली हिवाळ्यात तेथे काही महिने राहत, इतिहास, साहित्य, शेती, आरोग्य, नाट्य असे विषय शिकत आणि वसंतात शेताकडे परत जात. परीक्षा नसे, पदवी नसे. सोलाश यांना १९४० साली जर्मनांनी पकडून ठार केले.

मार्कोवात तेव्हा सुमारे तीस ज्यू कुटुंबे, म्हणजे अंदाजे एकशे वीस माणसे राहत होती. काही दुकानदार, काही गुरांचे व्यापारी, काही लहान शेतकरी. शेजारी कॅथलिक, व्यवहार रोजचा, सण वेगवेगळे. मैत्री होती, क्वचित कटुताही होती.

याच गावात २ मार्च १९०० रोजी युझेफ उल्मा यांचा जन्म झाला. गावच्या शाळेतील चार इयत्ता, नंतर लष्करातील सक्तीची सेवा आणि पुढे पिल्झ्नो येथील कृषिशाळा, एवढेच त्यांचे औपचारिक शिक्षण. पण कुतूहल अफाट. त्यांनी फळझाडांची रोपवाटिका उभी केली आणि गावात ठाऊक नसलेल्या जातींची कलमे लोकांना दिली. मधमाश्या पाळल्या, रेशमाचे किडे पाळले. १९३३ साली पशेवोर्स्क येथील कृषी प्रदर्शनात स्वतः रचलेल्या मधपेट्यांसाठी व रेशीमकिड्यांच्या पालनासाठी त्यांना पारितोषिके मिळाली. वाऱ्यावर चालणारे एक लहान यंत्र बसवून त्यांनी घरात विजेचा दिवा लावला. कॅथलिक युवक संघाचे ते ग्रंथपाल होते, पुढे शेतकरी तरुणांच्या चळवळीतही होते. आणि ते छायाचित्रे काढीत. लग्ने, शाळेतले वर्ग, नांगरणी, नाटकाचे पात्रवर्ग, आजीच्या मांडीवरची बाळे असे सारे मार्कोवा त्यांनी टिपले. त्यांची शेकडो छायाचित्रे आज उपलब्ध आहेत. एका मध्ययुरोपीय खेड्याचे इतके आतून टिपलेले चित्र दुर्मीळच म्हणावे लागेल.

७ जुलै १९३५ रोजी त्यांचा विवाह विक्तोरिया निएम्चाक यांच्याशी झाला. विक्तोरिया यांचा जन्म १० डिसेंबर १९१२ चा. वयात बारा वर्षांचे अंतर होते. त्या गावच्या नाटकमंडळीत काम करीत, नाताळच्या नाटकात त्यांनी पवित्र मरियेची भूमिका केली होती. गाच येथील लोकविद्यापीठाच्या वर्गांनाही त्या गेल्या होत्या. स्तानिस्लावा, बार्बारा, व्लादिस्लाव, फ्रान्चिशेक, अन्तोनी आणि मारिया ही त्यांची सहा मुले १९३६ ते १९४२ या काळात जन्मली. युझेफ यांनी काढलेल्या छायाचित्रांत विक्तोरिया मुलांना लिहावयास शिकवीत आहेत, कपडे वाळत घालीत आहेत, जेवू घालीत आहेत. मार्कोवातील जमीन अपुरी पडते म्हणून या दांपत्याने पूर्वेस सोकाल नगराजवळ व्हॉइस्लाविट्से येथे पाच हेक्टर जमीन विकत घेतली होती व तिकडे जाण्याचा त्यांचा विचार होता. युद्ध सुरू झाले आणि बेत राहून गेला.

जर्मन ताबा

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने व १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. या भागात दोघांमधील सीमारेषा सान नदी ठरली. मार्कोवा नदीच्या पश्चिमेस असल्याने जर्मनांच्या हाती पडले. नदीपलीकडे सोव्हिएत राजवटीतून लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार करण्यात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात ज्या पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासितांना आश्रय मिळाला ते त्या हद्दपारीतून वाचलेले लोक. मार्कोवाच्या लोकांचे प्रारब्ध त्यांच्याहून निराळे होते.

१५ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याने फर्मान काढले की नेमून दिलेल्या वस्तीबाहेर सापडणाऱ्या ज्यू व्यक्तीस आणि तिला जाणूनबुजून आसरा देणाऱ्यासही देहदंड होईल. व्यवहारात शिक्षा एकट्या यजमानाला होत नसे. सारे कुटुंब मारले जाई. १९४२ च्या उन्हाळ्यात वाइन्त्सुत परिसरातील ज्यू समाजाचा नायनाट सुरू झाला. पुष्कळांना पेल्किनिए येथील छावणीत व तेथून बेल्झेत्स येथील मृत्युछावणीत धाडण्यात आले. मार्कोवातील काहींनी घर सोडून रानांत, घळींत, ओळखीच्यांच्या माळ्यांवर आसरा शोधला.

येथे एक कटू गोष्ट टाळता येत नाही. डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांच्या हुकुमावरून गावात लपलेल्या ज्यूंचा शोध घेण्यात आला. त्या शोधात गावकऱ्यांनाही जुंपण्यात आले व त्यांपैकी काहींनी भाग घेतला. पंचवीस जण सापडले. दुसऱ्या दिवशी जर्मन पोलिसांनी त्यांना गावातील 'ओकोप' नावाच्या जागी, एका जुन्या खंदकाशी, गोळ्या घातल्या. ज्या गावाने धन्य कुटुंब दिले त्याच गावाचा हा भाग आहे. पोलंडमध्ये यावर इतिहासकारांचे वाद अजून चालू आहेत, आणि चालू राहावेत असे आम्हांला वाटते. संतांच्या गावाचा इतिहास लिहिताना नको ती पाने चिकटवून टाकणे हा संतांचा सन्मान नव्हे.

त्याच गावात याच काळात अनेक घरांचे दरवाजे उघडले गेले. उल्मांच्या घराखेरीज मार्कोवातील आणखी काही शेतकरी कुटुंबांनी मिळून किमान वीस ज्यू व्यक्तींना युद्धाच्या अखेरीपर्यंत जिवंत ठेवले. युझेफ यांनी आधी एका ज्यू कुटुंबाला घळीत लपण्याची जागा तयार करण्यास साहाय्य केले होते. ते कुटुंब पकडले जाऊन मारले गेले. तरीही १९४२ च्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या घरात आठ जणांना घेतले. वाइन्त्सुतचे गुरांचे व्यापारी साउल गोल्डमान, त्यांचे चार पुत्र बारूख, मेखेल, योआखिम व मोझेस. मार्कोवाच्याच गोल्डमान घराण्यातील दोन भगिनी गोल्डा ग्र्युनफेल्ड व लेआ डिडनर आणि लेआ यांची लहान मुलगी रेश्ला. घर लाकडी, छोटे, गावाच्या कडेला. खाली आठ माणसे, माळ्यावर आठ माणसे. गोल्डमान बंधू युझेफ यांच्याबरोबर कातडी कमावण्याचे काम करीत व त्यावर घरात काही पैसा येई. पंधरा-सोळा महिने हे असे चालले.

उल्मांच्या घरातील बायबल आज जतन केलेले आहे. त्यात लूकलिखित शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला रेघ ओढून अधोरेखित केला आहे आणि समासात एकच पोलिश शब्द लिहिला आहे : 'ताक', म्हणजे 'होय'. मत्तयलिखित शुभवर्तमानातील शत्रूंवर प्रीती करण्याविषयीचा भागही अधोरेखित आहे. या खुणा त्यांनी नेमक्या केव्हा केल्या त्याला तितकेसे महत्त्व नाही.

२४ मार्च १९४४

गोल्डमान कुटुंबाला वाइन्त्सुत येथे असताना व्लोजिमिएश लेश या पोलिसाने काही काळ मदत केली होती व त्यांची मालमत्ता स्वतःकडे ठेवली होती. हा जर्मनांच्या हाताखालच्या पोलिश दलातील शिपाई. गणवेशाच्या रंगावरून या दलास 'निळे पोलीस' म्हणत. मालमत्ता परत मागण्यात आली तेव्हा त्याने ती दिली नाही. गोल्डमान कोठे लपले आहेत याची खबर जर्मनांस त्यानेच दिली असे उपलब्ध पुराव्यांवरून मानले जाते.

२३ मार्चच्या रात्री वाइन्त्सुत येथे काही गाडीवानांना घोडागाड्या जोडून तयार राहण्याचा हुकूम झाला. पहाटेच्या सुमारास लेफ्टनंट आयलर्ट डीकेन याच्या नेतृत्वाखाली पाच जर्मन पोलीस व काही निळे पोलीस मार्कोवास पोहोचले. प्रथम घरात शिरून झोपेत असलेल्या काही ज्यूंना मारले, मग उरलेल्यांना. जे घडत होते ते पाहावे म्हणून गाडीवानांना समोर उभे करण्यात आले. ज्यूंना आसरा देणाऱ्याचे काय होते हे गावोगाव जाऊन त्यांनी सांगावे, हा हेतू. त्यांच्याच साक्षींमुळे त्या पहाटेचा क्रम आपल्याला ठाऊक आहे. नंतर युझेफ व विक्तोरिया यांना घरासमोर आणून गोळ्या घालण्यात आल्या. विक्तोरिया गरोदर होत्या व दिवस भरत आले होते. मुले आक्रोश करू लागली. त्यांचे काय करावे याविषयी जर्मनांत थोडी बोलाचाली झाली आणि डीकेनने मुलांनाही मारण्याचा हुकूम दिला. थोरली स्तानिस्लावा सात वर्षांची होती, धाकटी मारिया दीड वर्षाची.

प्रेते पुरण्यासाठी सोल्तिसला काही गावकऱ्यांसह बोलाविण्यात आले. मुलांना का मारले, असे त्याने डीकेनला विचारले. गावाला त्यांची अडचण होऊ नये म्हणून, असे उत्तर मिळाले. घर लुटले गेले, गाड्यांवर सामान लादले गेले, मारेकऱ्यांनी दारू मागवून घेतली. सोल्तिसच्या विनवणीवरून ज्यूंसाठी व ख्रिस्ती कुटुंबासाठी दोन वेगळे खड्डे खणण्यात आले. काही दिवसांनी, मनाई असतानाही, पाच गावकऱ्यांनी रात्री उल्मांचे देह उकरून पेट्यांत ठेवले. त्या वेळी त्यांच्या लक्षात आले की विक्तोरिया यांच्या बाळाचा जन्म अर्धा होऊन गेला होता. जानेवारी १९४५ मध्ये हे देह धर्मग्रामाच्या दफनभूमीत हलविण्यात आले.

गावात भय पसरले यात शंका नाही. तथापि ज्या इतर घरांत ज्यू लपलेले होते, त्यांपैकी पुष्कळांनी आपले पाहुणे बाहेर काढले नाहीत. त्यानंतर सोव्हिएत सैन्य येईपर्यंत चार महिने होते. ते चार महिने त्या घरांनी कसे काढले असतील याची कल्पना करावी.

लेश याला सप्टेंबर १९४४ मध्ये पोलिश भूमिगत संघटनेने ठार केले. मुलांना गोळ्या घालणाऱ्यांपैकी योसेफ कोकोट याच्यावर १९५८ साली झेशूव येथे खटला चालला; देहदंडाची शिक्षा पुढे कमी करण्यात आली व १९८० साली तो तुरुंगात मरण पावला. हुकूम देणारा डीकेन मात्र जर्मनीत परतला, तेथे पुन्हा पोलीस खात्यात राहिला आणि कोणत्याही न्यायालयापुढे उभे न राहता १९६० साली वारला.

स्मृती आणि वेदी

साम्यवादी राजवटीत या घटनेविषयी जाहीर बोलणे फारसे झाले नाही. इस्रायलमधील याद वाशेम संस्थेने १३ सप्टेंबर १९९५ रोजी युझेफ व विक्तोरिया यांना 'राष्ट्रांमधील नीतिमान' ही पदवी मरणोत्तर दिली. हा सन्मान मिळालेल्यांत पोलिश नागरिकांची संख्या सात हजारांहून अधिक असून ती सर्व राष्ट्रांत सर्वाधिक आहे. पोलंडमध्ये ज्यूंना साहाय्य केल्याबद्दल मरण होते आणि सुमारे तीस लक्ष पोलिश ज्यू मारले गेले, हे दोन्ही आकड्यांच्या जोडीला ध्यानी घ्यावे.

पशेमिश्ल महाधर्मप्रांताने २००३ साली संतपदाची प्रक्रिया आरंभिली. २४ मार्च २००४ रोजी, साठाव्या स्मृतिदिनी, गावात स्मारक उभारण्यात आले. आरंभी उल्मा कुटुंबाचा विषय दुसऱ्या महायुद्धातील इतर पोलिश रक्तसाक्षींबरोबर एकत्र चालला होता. २०१७ साली तो स्वतंत्र करण्यात आला. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या रक्तसाक्ष्याला मान्यता दिली. पुढील सप्टेंबरात कार्डिनल मार्चेल्लो सेमेरारो यांनी मार्कोवातील उघड्या मैदानावर मिस्साबली अर्पण करून त्यांना धन्य घोषित केले; तीस हजारांहून अधिक भाविक हजर होते आणि पोलंडचे प्रमुख रब्बी मायकेल शुद्रिखही उपस्थित होते.

सातव्या बाळाविषयी अनेकांच्या मनात प्रश्न होता व आमच्या वाचकांच्याही मनात येईल. स्नानसंस्कार न झालेल्या, नाव न ठेवलेल्या अर्भकास धन्य कसे म्हणावे? व्हॅटिकनच्या संतपदविषयक विभागाने ५ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले की आईच्या रक्तसाक्ष्याच्या क्षणीच हे बाळ जन्मास आले आणि म्हणून त्याला रक्ताचा स्नानसंस्कार लाभला. हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निरागस बालकांचा सण ख्रिस्तसभा प्राचीन काळापासून साजरा करते. तीच परंपरा येथे लागू होते. धन्य उल्मा कुटुंबाचा स्मरणदिन मृत्यूच्या दिवशी ठेवलेला नाही. तो ७ जुलै आहे, त्यांच्या विवाहाचा दिवस.

आज मार्कोवास जाणारा प्रवासी साधारणपणे झेशूवहून निघतो. गावात जुन्या लाकडी घरांचे एक लहान उघडे संग्रहालय आहे. तेथे जुनी शेतीची अवजारे व घरांतील खोल्या पाहता येतात. १७ मार्च २०१६ रोजी उघडलेले दुसरे संग्रहालय हे युद्धकाळात ज्यूंना वाचविणाऱ्या पोलिश लोकांचे असून त्याला उल्मा कुटुंबाचे नाव दिले आहे. त्याच्या मध्यभागी काचेच्या खोलीत उल्मांच्या घराचा अंतर्भाग उभा केला आहे आणि युझेफ यांची छायाचित्रे तेथे आहेत. २०१८ पासून पोलंडमध्ये २४ मार्च हा ज्यूंना वाचविणाऱ्यांचा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. उल्मांचे पवित्र अवशेष २०२३ साली संत डोरोथीच्या चर्चमध्ये वेदीत ठेवण्यात आले. त्यांच्या घरी मारल्या गेलेल्या आठ ज्यूंचे अवशेष मार्कोवात नाहीत. १९४७ साली ते बाहेर काढून यागिएल्ला-निएख्चाल्की येथील युद्धबळींच्या दफनभूमीत नेण्यात आले आणि आजही तेथेच आहेत.